उघडा वाडगा

माझा भाऊ कामुएला टीव्हीवर दिसतो तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत चिखलाने माखलेले असतात आणि त्या हातांत मुळासकट उपटलेलं अळूचं रोप असतं. रोप मी उपटलेलं असतं. चिखल तो स्वतः लावून घेतो, कॅमेरा सुरू व्हायच्या जरा आधी, बांधावर उभा राहून, अंगाला साबण लावावा तसा. मग सांगतो, "हे माझ्या वडिलांच्या हातचं अन्न." बघणारे गहिवरतात.

मी नाही गहिवरत. मी लाहेला, त्याची थोरली बहीण. मी बाबांजवळ राहते, माउई बेटाच्या ओल्या बाजूला, आमच्या दरीत. डोंगरातून येणारा ओढा, ओढ्यातून काढलेला दगडी पाट आणि पाटाच्या पाण्यावर एकाखाली एक उतरत गेलेली अळूची खाचरं, एवढंच आमचं जग. बाबांचं नाव हेनेली. वय ऐंशीच्या घरात. सकाळी उठले की चहाकॉफीच्या आधी पाटात हात घालून पाणी गार आहे ना ते बघतात, कारण पाणी तापलं की कंद सडतो. मग वाकून गोगलगायी वेचायच्या, तण काढायचं, तयार कंद उपटायचे, कंद कापून घेऊन देठाचा शेंडा परत त्याच चिखलात खोचायचा. तोच शेंडा, तोच वंश. आज आम्ही खातो ते अळू बाबांच्या पणज्याने खाल्लेलंच अळू आहे. मध्ये कुठे बी नाही की विकत आणणं नाही.

कंद उकडून, सोलून, लाकडी पाटावर दगडी बत्त्याने कुटले की जांभळट चिकट गोळा होतो. त्यात पाणी घालून सारखा केला की पोई. दोनतीन दिवस आंबली की तिला खरी चव येते. बाहेरचे लोक तिला खळ म्हणतात, भिंतीला कागद चिकटवायची. म्हणोत बापडे. त्यांचं तोंड, त्यांची चव.

आमचं मानणं असं की माणसाच्या आधी अळू जन्मलं. आकाशाच्या पोटचं पहिलं मूल मेलेलंच जन्माला आलं. त्याला घराच्या कोपऱ्याशी पुरलं आणि तिथे अळू उगवलं. तो हालोआ. दुसरं मूल जगलं, ते आपण. म्हणजे अळू हा आपला थोरला भाऊ. म्हणून पोईच्या वाडग्यावरचं झाकण काढलं की थोरला भाऊ पंगतीला येऊन बसला असं समजायचं. त्याच्यासमोर भांडण नाही, उणादुणा शब्द नाही, कुणाला तोंडावर खोटं पाडणं नाही, व्यवहाराची घासाघीस नाही. भांडायचंच असेल तर आधी वाडगा झाकायचा, मग काय हवं ते बोला. आमच्या आईबाबांची जी काही गाजलेली भांडणं झाली ती सगळी झाकलेल्या वाडग्यावर. आई झाकण असं आपटायची की आम्हा पोरांना कळायचं, आता बाहेर पळा.

कामू अठराव्या वर्षी अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेला, स्वयंपाक शिकला, मोठमोठ्या लोकांच्या हाताखाली भांडी घासून वर चढला आणि परत आला. बेटाच्या कोरड्या बाजूला, जिथे हॉटेलं आहेत आणि गवतसुद्धा नळाच्या पाण्यावर जगतं, तिथे त्याने रेस्टॉरंट काढलं. नाव ठेवलं 'हालोआ'.

"अरे, ते काय पाटीवर लिहायचं नाव आहे का?" मी म्हटलं.

"ताई, लोकांच्या तोंडी त्याचं नाव आलं तर त्यात वाईट काय? इतकी वर्षं तोंडी काय येत होतं? बर्गर आणि डबाबंद मांस."

खोटं कशाला बोलू, तो म्हणत होता त्यात तथ्य होतं. माझ्या शाळेत आम्हाला पोईची लाज वाटायची. डब्यात पोई दिसली की पोरं नाक दाबायची, त्यात आमच्याच लोकांची पोरंही असायची. आता त्याच पोईसाठी लोक आधी नाव नोंदवून येतात. घरापुरते सोडले तर आमच्या खाचरातला प्रत्येक कंद त्याच्या स्वयंपाकघरात जायचा, शेजारच्या दरीतल्यांची रताळी जायची, नीरफणस जायचा. बाबांना अभिमान होता. बाजारात कुणी भेटलं की म्हणायचे, "पोराने थोरल्याला चांगलं घर दिलं बघ."

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. आत नेण्याआधी त्यांनी जमीन कामूच्या नावावर करून टाकली. मला बोलावून म्हणाले, "लाहे, वाईट वाटून घेऊ नकोस. त्याला मुलं आहेत."

मला नाहीत. वाईट वाटलंच. पण ऑपरेशनला निघालेल्या माणसाशी काय वाद घालायचा? पाणी माझ्याही पायांवरून वाहतं, कागद कुणाच्या का नावाचा असेना, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली.

मग एका रविवारी कामू फोनवर एक चित्र घेऊन आला. आम्ही पाटाजवळ बसून गोगलगायींची बादली रिकामी करत होतो.

"हे बघा बाबा. इथे लाकडी ओटा, वर कंदील, एकच लांबलचक टेबल. पाहुणे दुपारी येणार, चिखलात उतरणार, आपापल्या हाताने अळू उपटणार. मी तिथेच रांधणार."

बाबांनी चित्र लांब धरून पाहिलं. "छान आहे. आणि यांच्या गाड्या?"

"खालची खाचरं बुजवायची."

बाबा हसले. त्यांना वाटलं पोरगा थट्टा करतोय. खालची खाचरं म्हणजे आमच्या जमिनीचा जीव. सगळ्यांत रुंद, सगळ्यांत जुनी, आणि तांबड्या देठाचं आमचं घरचं अळू येतं ते तिथेच. वरच्या खाचरांत ते लावून पाहिलं, खुजं राहतं.

"वरची आहेत की, बाबा," कामू म्हणाला. "दाखवायला तेवढी पुष्कळ झाली."

"दाखवायला?" मी म्हटलं.

"तू मध्ये बोलू नकोस ताई."

"का? मी काय पाहुणी आहे?"

बाबांनी बादली खाली ठेवली आणि स्वच्छ शब्दांत सांगितलं, "नाही. खालच्या खाचरांत माती पडायची नाही. मी असेपर्यंत नाही, आणि मी गेल्यावरही नाही." वाडगा तिथे नव्हताच, त्यामुळे बोलायची मुभा होती आणि ते बोलले. कामूने ते नीट ऐकलं. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे तो म्हणायला लागला की बाबा कधी स्पष्ट बोललेच नाहीत.

पैसा कामूचा नव्हता. तो पेरिन नावाच्या एका माणसाचा होता, मुख्य भूमीवरून आलेला. पेरिन वाईट नव्हता, आणि मला सगळ्यांत जास्त खुपतं ते हेच. शेजारच्या किनाऱ्यावर कुणाचंसं हॉटेल बांधायला काढलं तेव्हा आमचे लोक पाट्या घेऊन रस्त्यात बसले होते. पेरिनला तसलं काही नको होतं. त्याने कामूला सांगून ठेवलं, "म्हाताऱ्याच्या तोंडून मला ऐकायचंय. ते नको म्हणाले तर मी एक फावडं माती टाकणार नाही." कागदावर सही कामूची चालणार होती, पण काम बाबांच्या शब्दावर अडलं होतं.

कामूने आम्हाला जेवायला बोलावलं. म्हणाला, "बाबा, तुम्ही अजून एकदाही माझ्याकडे जेवला नाहीत. पेरिनही येणार आहेत. त्यांना जे सांगायचं ते तुम्हीच सांगा, मी मध्ये पडत नाही."

बाबा खूश झाले. त्यांनी फुलाफुलांचा शर्ट मला दोनदा इस्त्री करायला लावला. पिकअपमध्ये बसल्यावर म्हणाले, "मी त्याला नीट समजावून सांगेन. समजूतदार माणूस वाटतो." वाटेत कसं सांगायचं त्याचा सरावही केला. पाणी कुठून येतं, कुठे जातं, खालची खाचरं बुजवली तर ओढ्याला पूर कसा येईल. शाळेत पाठ म्हणायला निघालेल्या पोरासारखे पुटपुटत होते.

आम्ही पोचलो तेव्हा सूर्य समुद्रात उतरायच्या बेतात होता. पेरिन उठून उभा राहिला, बाबांना 'अंकल' म्हणाला, खुर्ची ओढून दिली. जेवण यायला लागलं. अळूच्या पानांत गुंडाळून वाफवलेलं डुकराचं मांस आमच्याकडे मुठीएवढं असतं, इथे अंगठ्याएवढं होतं, पण चव तीच. खरं सांगायचं तर चव तीच नाही, जास्त चांगली. पान तोंडात विरघळत होतं. नीरफणस निखाऱ्यावर भाजून त्यावर समुद्री शेवाळाचं मीठ भुरभुरलेलं. एका पांढऱ्याशुभ्र थाळीत पोईचा नुसता एक फराटा, त्यावर माशाचे तुकडे.

"कामू, ही पोई कुणी सांडली रे?" बाबा म्हणाले आणि सगळे हसले. कामूही हसला. त्या क्षणी मला माझा भाऊ आवडला.

मग आमच्या टेबलावर वाढायला असलेली जोसेलिन लाकडी वाडगा घेऊन आली. झाकलेला. तिने तो मधोमध ठेवला, दोन्ही हात झाकणावर ठेवले आणि पाठ केल्यासारखं बोलली: हालोआ आपला थोरला भाऊ, तो आता आपल्यात येऊन बसतोय, मनातली भांडणं दाराबाहेर ठेवा. मग झाकण उचललं. शेजारच्या टेबलांवरही हेच चाललं होतं, लोक फोन वर करून फोटो काढत होते.

मला लाज वाटली. बाबांना नाही. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी दोन बोटं पोईत बुडवून फिरवली, चाटली आणि कामूकडे बघून म्हणाले, "तुझ्या लक्षात आहे."

"आहे ना बाबा," कामू म्हणाला.

जोसेलिन झाकण घेऊन आत गेली.

पेरिनने नॅपकिनने तोंड पुसलं आणि सरळ विषयाला हात घातला. "अंकल, कामूने तुम्हाला आमचा बेत सांगितलाय. तुमची संमती आहे असं तो म्हणतो. पण मला तुमच्याकडून ऐकायचंय. तुम्हाला हे मान्य आहे?"

बाबांची बोटं वाडग्याच्या काठावर थांबली. मी त्यांच्याकडे पाहिलं. वाटेत पाठ केलेलं सगळं त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसत होतं. पण बोलायचं कसं? 'नाही' म्हणायचं म्हणजे, माझा पोरगा तुमच्याशी खोटं बोलला, असं म्हणायचं. परक्या माणसासमोर, भरल्या पानावर, आणि उघड्या पोईसमोर. ऐंशी वर्षांत त्यांनी ते एकदाही केलं नव्हतं.

त्यांनी टेबलावर नजर फिरवली. मग जोसेलिनला हाक मारली, "पोरी, याचं झाकण कुठंय?"

"आत ठेवलं, अंकल. टेबलावर अडचण होते."

"आण जरा."

"राहू दे, जोसेलिन," कामू म्हणाला. "सहा नंबरला पाणी दे आधी."

पोरगी गेली. तिला बिचारीला काय माहीत. पेरिन हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत होता. त्याला वाटलं असेल, म्हाताऱ्याला वाडगा आवडला.

मी तोंड उघडलं. "मिस्टर पेरिन, खरं म्हणजे—"

बाबांनी टेबलाखालून माझं मनगट धरलं. "लाहे," ते आमच्या भाषेत म्हणाले, "वाडगा उघडा आहे."

"मग मी माझी थाळी पालथी घालते त्यावर."

"उष्टी थाळी? थोरल्याच्या डोक्यावर?"

मी थाळीवरचा हात काढला. बाबा जेवायला लागले. आधी मला कळेना. ते दोन बोटं भरून पोई घेत होते, गिळत होते, परत घेत होते. भराभर. मग लक्षात आलं. पोई संपली, वाडगा कडेपर्यंत पुसून झाला, की थोरला उठला. मग बोलायला मोकळे. मीही बोटं घातली. आम्ही बापलेक दुष्काळातून आल्यासारखे खात होतो. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्यांना पोटभर जेवू नका म्हणून बजावलेलं. त्यांच्या कपाळावर घाम आला. पेरिन कौतुकाने म्हणाला, "खरी भूक बघा, खरी!" बाबांनी तर्जनीने वाडग्याची आतली कड पुसून घेतली, वरपासून खालपर्यंत, आमच्याकडे पुसतात तशी स्वच्छ. तळाचं लाकूड दिसायला लागलं. त्यांनी बोट चाटलं, श्वास घेतला आणि पेरिनकडे वळले.

तेवढ्यात कामू उठला. स्वयंपाकघरातून स्वतः पातेलं घेऊन आला, आणि स्वतःच्या हाताने, डाव भरून, वाडगा पुन्हा काठोकाठ भरला.

"आमच्याकडे वाडगा कधी रिकामा होत नाही," तो पेरिनला म्हणाला. हे वाक्य त्यांच्या मेनूवर छापलेलंच आहे.

मग त्याने बाबांकडे पाहिलं. ती नजर मी ओळखते. लहानपणी कामू काही उपद्व्याप करून आला की जेवताना सगळ्यांत हळू जेवायचा. एकेक बोट, एकेक बोट. पोई संपेपर्यंत कुणी रागवू शकत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. वाडग्यातली संपत आली की म्हणायचा, आई, अजून दे. आई हसायची आणि घालायची, बाबाही हसायचे, आणि हसण्यात त्याचा गुन्हा विरून जायचा. सगळ्या घराला त्याची ही युक्ती माहीत होती. आम्हाला ती गोड वाटायची.

बाबांनीही ती ओळखली. त्यांचा चेहरा एकाएकी म्हातारा झाला. रोज बघते म्हणून मला आतापर्यंत दिसलाच नव्हता तितका.

"अंकल?" पेरिनने पुन्हा विचारलं. "तुमच्या मनात काही किंतु नाही ना?"

"कामू जेवण चांगलं करतो," बाबा म्हणाले.

"म्हणजे तुम्ही त्याच्या पाठीशी आहात?"

"माझा मुलगा आहे तो."

पेरिनने दोन्ही हातांनी बाबांचा हात धरून दाबला. बाबांच्या बोटांना पोई होती, ती त्याच्या हाताला लागली. तो म्हणाला, आज मला शांत झोप लागेल. मला वाटतं लागलीही असेल.

बाबांना पिकअपमध्ये बसवून मी पेरिनच्या मागे धावले. गाडीचं दार धरून सगळं सांगितलं, झाकणापासून पातेल्यापर्यंत. माझा आवाज चढला होता. त्याने ऐकून घेतलं, मान हलवली.

"लाहेला, मी त्यांना दोनदा विचारलं. तुमच्यासमोर. ते हसत जेवत होते."

"ते हसत नव्हते!"

"कामू म्हणाला होता तुम्ही असं काही म्हणाल. जमिनीवरून तुमचं मन दुखावलंय, हेही बोलला. त्याबद्दल मला खरंच वाईट वाटतं."

काय करणार यापुढे? माझं दुखणं खरं होतं ना. खऱ्या दुखण्याचाच त्याने दगड करून माझ्या तोंडावर मारला.

परतीच्या वाटेवर मी बाबांना म्हटलं, "उद्या फोन करून सांगा त्याला."

"काय सांगू? पोईशी बसून एक बोललो आणि आता दुसरं बोलतो?"

"तुम्ही काही बोललाच नाहीत!"

"तेच तर." मग म्हणाले, "पेरिनचा काय दोष? घरातलं आहे ते घरात बोलू. कामूला बोलाव."

मी बोलावलं. तो कामात होता. परत बोलावलं. मुलाची शाळा होती. मग कुणीतरी मोठा पाहुणा येणार होता. बाबा रोज दुपारी बाहेरच्या बाकावर रस्त्याकडे तोंड करून बसायचे, काय बोलायचं ते मनाशी घोळवत. कामूच्या आधी ट्रक आले.

खालच्या खाचरांचं पाणी वरूनच तोडलं, चिखल सुकायला ठेवला आणि त्यावर डोंगर फोडून आणलेली खडी ओतली. तांबड्या देठाचं अळू अर्धवट वाढलेलं होतं. बाबांनी आणि मी होतील तेवढे शेंडे काढून वरच्या खाचरांत लावले. जगले त्यातले काही. खुजे आहेत. ट्रकवाला आमच्याच दरीतला पोर होता. तो टोपी काढून बाबांना म्हणाला, "अंकल, मला सांगितलं तुमची परवानगी आहे." बाबा म्हणाले, "तू तुझं काम कर, बाळा."

त्या दिवशी दुपारी मी पानं मांडली, वाडगा मध्ये ठेवला आणि झाकण काढायला हात घातला.

"नको," बाबा म्हणाले. "मला भात वाढ."

मला वाटलं पोट बिघडलं असेल. दुसऱ्या दिवशीही भात. आठवडाभर भात, डबाबंद मांस, तळलेलं अंडं. जो माणूस ऑपरेशनच्या गुंगीतून जागा होऊन आधी पोई मागतो, ज्याला भात म्हणजे आजाऱ्याचं खाणं वाटतं, तो पोईकडे ढुंकून बघेना. खाचरांत जायचे, वाकायचे, उपटायचे, मला कुटायला मदतही करायचे. मी पोई बाजारात विकून यायचे, शेजारी वाटायचे. आमच्या टेबलावर मात्र ती येत नव्हती. मी चिडले, विनवलं, डॉक्टरांचं नाव घेतलं. ते नुसते म्हणायचे, "भात बरा आहे गं."

कंदिलांचा ओटा उभा राहिला. शनिवारी पाहुणे यायला लागले. गुडघाभर चिखलात उभं राहून ते किंचाळतात, हसतात, एकमेकांचे फोटो काढतात. जोसेलिन वाडगा आणते आणि झाकण परत घेऊन जाते. आवाज वर आमच्या घरापर्यंत येतो.

अशाच एका शनिवारच्या आधी, भर दुपारी, कामू आला. एकटाच. हातात आमच्या आईचा जुना वाडगा होता, मागे कधीतरी टीव्हीवर दाखवायला म्हणून नेलेला. झाकण लावलेला, ताज्या पोईने भरलेला. त्याचा चेहरा उतरलेला होता. मला वाटतं त्याला खरंच झोप लागत नसावी. लागूच नये.

त्याने वाडगा टेबलावर बाबांच्या समोर ठेवला. "तांबड्या अळूची आहे, बाबा. मी ठेवले होते थोडे कंद. स्वतः कुटली, मशीनवर नाही."

बाबांच्या पुढ्यात भाताचं ताट होतं.

"ताई सांगते तुम्ही पोई सोडलीत." कामू खुर्ची ओढून बसला, लहानपणी बसायचा त्याच जागेवर. "चला, आज आपण तिघं बसू. आधी जेवू."

त्याने झाकणाच्या मुठीला हात घातला. बाबांनी आपला हात त्यावर ठेवला. जोर लावला नाही, नुसता ठेवला.

"उघडू नकोस."

"बाबा, मी सकाळपासून काही खाल्लेलं नाही."

"लाहे, याला भात वाढ."

"मला पोई हवीय बाबा. तुमच्याबरोबर." त्याचा आवाज फाटला. मोठा माणूस, केस पिकलेला. "एकदा उघडा ना. त्यानंतर जे बोलायचं ते बोला मला."

"त्यानंतर बोलता येत नाही. तुला माहीत आहे ते. म्हणूनच आणलास हा." बाबांचा आवाज अगदी शांत होता. "हा उघडला की मला तुझ्यावरचा राग टाकावा लागेल. मला टाकायचा नाही."

कामू रडायला लागला. मी भात वाढला. बाबांनी हात झाकणावरून काढला नाही, दुसऱ्या हाताने जेवत राहिले.